गैरहजर गड्याचा अंगठा

ज्योतिबा मुकादमांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण मुकादमी काही त्यांच्या अंगातून निघाली नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगीच नाही. कोपरखैरण्याच्या त्या ओळीत सात घरं, आणि सातही एकाच टोळीची. ही सगळी माणसं पाटण तालुक्यातून आलेली. वाशीच्या बाजारात कांद्याबटाट्याच्या गोण्या त्यांनी बरोबरीनं वाहिल्या आणि घरंही एकाच सोडतीत मिळाली. आता ती म्हातारी झाली होती, एकदोघं तर गेलीही होती. तरी नळाला पाणी कमी आलं किंवा कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, की लोक अजून मुकादमांच्याच दारात यायचे. मुकादमही ट्रक लागल्यासारखे घाईघाईनं बनियनवर शर्ट चढवून बाहेर यायचे.

घरं मुळात बैठी, भिंतीला भिंत लागलेली. एका खोलीत संसार मावेना तसा प्रत्येकानं वर माळा चढवला. परवानगी कुणीच घेतली नव्हती. ती घ्यावी लागते हे ठाऊक नव्हतं असं म्हणणं लबाडीचं होईल. ठाऊक होतं, पण सरकारी काम आणि सहा महिने थांब. पोरं काही तेवढी थांबत नाहीत. ती वाढतात, त्यांची लग्नं होतात आणि मग झोपायचं कुठं हा प्रश्न रोजचाच होतो.

बरीच वर्षं पालिकेच्या नोटिसा येत-जात राहिल्या आणि मग एकदाचा निर्णय झाला. वरचा मजला उंचीच्या मर्यादेत असेल तर तो कायम करायचा. मात्र मागच्या गल्लीवर, जिथून गटाराची लाइन जाते तिथं, जे पुढं आलं असेल ते मालकानं स्वतः काढायचं. भिंती सामायिक, म्हणून साऱ्या ओळीनं मिळून एकच अर्ज द्यायचा. अर्जाच्या दुसऱ्या पानावर प्रत्येक घरापुढं दोन चौकोन होते. पहिल्यात खूण केली की पुढं आलेला भाग काढायची हमी दिली. दुसऱ्यात केली की आपली हरकत आहे, जागेवर येऊन पाहा, असं सांगितलं. आणि शेजारी मालकाची सही किंवा अंगठा.

शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मुकादमांच्या दारात सगळे जमले. बहुतेकांचं मागच्या बाजूला असून असून काय, तर एखादी जाळी, नाहीतर भांडी घासायची मोरी. ती काढायला कुणाचीच ना नव्हती. पहिल्या चौकोनात खुणा झाल्या, सह्या झाल्या. राहिलं पाचवं घर, शकुबाईंचं. नवरा हौसेराव वारल्यापासून घर त्यांच्या नावावर होतं, आणि त्या तर भाऊ आजारी म्हणून गावी गेलेल्या. फोन लागेना.

"शिवतेजला तरी इचारूया," दत्तू म्हणाला. शिवतेज हा शकुबाईंचा मुलगा, बायको सुनयनासह वरच्या माळ्यावर राहायचा. कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता आणि त्या दिवशी त्याची दुसरी पाळी होती.

"त्यात इचारायचं काय?" मुकादम म्हणाले. "टोळी एक, जबाब एक."

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. बाजारात एखादा गडी आला नाही तर त्याचा खाडा पडू नये म्हणून हजेरीवर मुकादम आपला अंगठा उठवायचे. गैरहजर गड्याचा अंगठा मुकादमाचा, हा तिथला रिवाजच. शिवतेज जन्मला तेव्हा हौसेराव चार दिवस गावी होता आणि त्या चारही दिवशी हजेरीवर ज्योतिबांचाच अंगठा होता. त्याबद्दल मुकादमांना दुवाच मिळाला होता, बोल कधी नाही. तेव्हा त्यांनी शकुबाईंच्या नावापुढं पहिल्या चौकोनात खूण केली, शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि नीट, ठळक उठवला. आपण एका विधवा बाईचं काम केलं, या समाधानात ते जेवायला बसले.

शकुबाईंचा माळा मागच्या गल्लीवर चार फूट पुढं आला होता. वरचा सैपाकाचा ओटा आणि न्हाणी त्या चार फुटांतच होती. ते बांधलं तेव्हा मुकादम स्वतः गवंड्याशेजारी उभे होते. त्यांना ते आठवलं नाही म्हणावं तर खोटं, आठवलं म्हणावं तर तेही खोटं. त्या संध्याकाळी त्यांना घर दिसतच नव्हतं, नुसती टोळी दिसत होती.

शकुबाई गावाहून आल्या, येताना मुकादमांसाठी घेवडा घेऊन आल्या. "तुमचा बी अर्ज दिला, वहिनी. काय बी टेन्शन घिऊ नका," मुकादम म्हणाले. शकुबाईंनी अर्जात काय लिहिलं ते विचारलं नाही. आजवर कधी विचारायची वेळ आली नव्हती.

दोन महिन्यांनी सुनावणीचं पत्र आलं. शिवतेज ते घेऊन मुकादमांच्या दारात उभा राहिला.

"काका, आईनं मागचं पाडायची हमी दिलीय असं लिवलंय ह्यात. सैपाकघर, न्हाणी, सगळं. आई तर तवा गावाला होती."

मुकादमांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"मागचं गेलं की वर ऱ्हातंय काय?" शिवतेज म्हणाला. "झोपायपुरती बोळ. मी आन सुनयना करंजाड्याला जागा बघतोय. आई म्हनते, ती काय येनार न्हाई. तुझ्या बापानं बांधलेलं घर सोडून कुठं जाऊ, म्हनते. मग खाली एकटीच ऱ्हानार ती."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो ज्योतिबांच्या खांद्यावर बसून गणपती बघितलेला पोरगा, ओरडला नाही. पत्राची घडी करून निघून गेला.

मुकादमांनी मनाशी ठरवलं की सुनावणीत उठून खरं सांगायचं. तसं त्यांनी दत्तूला आणि शहाजीला बोलूनही दाखवलं. मग शहाजी म्हणाला, "मुकादम, अर्ज सामायिक हाय. एक अंगठा खोटा निघाला तर अख्खा अर्ज बाद. मुदत तर कवाच गेली." त्याच्या माळ्यावर दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडं राहत होती. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, एवढंच.

"तरी मी बोलनारच," मुकादम म्हणाले. पण हे वाक्य त्यांनी पायाकडं बघत म्हटलं.

सुनावणी पालिकेच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर झाली. ऐकणाऱ्या अधिकारी बाई तरुण होत्या, नाव नमिता. त्यांनी म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, एकेका घराचं शांतपणे विचारलं. चार घरांचं झटक्यात झालं. पाचव्या घरापाशी त्या थांबल्या.

"शकुबाई, तुम्ही मागचा भाग काढायची हमी दिली आहे. पण आमच्या माणसानं पाहिलं तर तुमचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर तिथंच आहे. तुम्ही हरकत घेतली असती तर आम्ही वेगळी पाहणी केली असती. गटाराची लाइन थोडी हलवता येते का, तेही पाहिलं असतं." त्यांनी कागद वळवून शकुबाईंसमोर धरला. "हा अंगठा तुमचाच ना? नसेल तर आत्ता सांगा. मला अर्ज परत पाठवावा लागेल, पण तुमचं म्हणणं नव्यानं ऐकता येईल."

असा दरवाजा सरकारी कचेरीत रोज उघडत नाही. ओळीतली सगळी माणसं जमिनीकडं बघू लागली. शिवतेजनं आईकडं बघितलं. मुकादम खुर्चीतून अर्धे उठले.

या माणसाची एक हाक बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, मागं येणारा ट्रक जागेवर थांबायचा. आज घशातून हूं निघालं नाही. ते शहाजीच्या नातवंडांसाठी गप्प राहिले असं पुढं लोक म्हणाले. पण मुकादमांना स्वतःला खरं माहीत होतं. सगळ्या टोळीसमोर आपण चुकलो म्हणायची त्यांना लाज वाटली. उभ्या आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, आणि पासष्टीनंतर जीभ नवीन वळण घेत नाही. ते पुन्हा खाली बसले.

ते बसल्यावर शकुबाई बोलल्या. "माजाच हाय अंगठा."

"सही येत नाही का तुम्हाला?" बाईंनी सहज विचारलं.

"आई, तुमी—" सुनयना पुढं झाली. शकुबाईंनी तिचं मनगट धरलं.

"न्हाई येत, म्याडम. अडानी बाई मी."

सुनावणीच्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला. बाईंनी त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, मग पान उलटलं. सातही माळे कायम झाले. पाचव्याचे मागचे चार फूट तेवढे गेले.

जिना उतरताना सुनयना मुकादमांच्या शेजारी आली. ती बालवाडीत शिकवायची, आवाज चढवायची तिला सवय नव्हती.

"आईंना सही येते, काका. दोन वर्षं रोज दुपारी मीच शिकवत होते. पोरांची पाटी घेऊन बसायच्या. जोडाक्षर नाही नावात, म्हणून खूश असायच्या. मागच्या महिन्यात बचत गटाच्या वहीत पहिल्यांदा सही केली, त्या दिवशी घरात शिरा केला. तुमच्याकडंपण वाटी आली होती. कशाचा शिरा, ते तुम्ही विचारलं नाहीत."

मुकादम तिथंच पायरीवर थांबले. माणसं त्यांना वळसा घालून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शकुबाईंच्या दारात गेले. आत गेले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"वहिनी, मी जातो कचेरीत. सांगतो, अंगठा माझा व्हता म्हनून. हुईल ते हुईल."

शकुबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कालच्याला सांगायचं व्हतं ते. आता सांगितलंत तर सहा घरं पडतील, आन मी म्याडमपुढं खोटं बोलले ते वायलंच."

"मग तुमी तरी का बोललात खोटं?"

"तुमी खाली बसलात म्हनून." ताट त्यांनी बाजूला ठेवलं. "मालक गेले तवा कोन व्हतं मला? तुमी व्हता, टोळी व्हती. ते मी इसरले न्हाई. फेडलं आता. पन एक ऐका, मुकादम. तुमी मला मारायला न्हाई लावला तो अंगठा, तारायलाच लावला, ठावं हाय मला. तरी माजं घर माज्याच नावावर हाय. इचारायचं व्हतं. एकदा इचारायचं व्हतं."

"चुकलं माझं," मुकादम म्हणाले. ऐकायला एक शकुबाईच होत्या.

"व्हय, चुकलं," त्या म्हणाल्या आणि ताट परत मांडीवर घेतलं.

त्या महिन्याच्या शेवटाला शिवतेज आणि सुनयना करंजाड्याला गेले. टेम्पोत सामान चढवायला सगळी टोळी आली. म्हाताऱ्यांनी कपाट असं उचललं की टेम्पोवाला बघतच राहिला. शकुबाई टेम्पो वळेपर्यंत दारात होत्या आणि नंतरही होत्या.

पुढच्या मंगळवारी कचेरीतला शिपाई अंतिम आदेश घेऊन आला. पाचव्या घराला कुलूप होतं. शकुबाई भाजीला गेल्या होत्या. शिपाई ओळीत नेहमीचा. तो सरळ मुकादमांकडं वळला.

"तुमीच घ्या ना मुकादम. बाईंच्या नावापुढं करा काय तरी, आपल्याला निघायचंय."

मुकादमांचा हात पुढं गेला. चाळीस वर्षांची सवय, ती एका पत्रानं थोडीच मोडते. पेन बोटांना लागलं, आणि त्यांनी हात मागं घेतला.

"बाईंचा कागद बाई घेतील. बसा."

"अहो, ऊन आहे. मला अजून घनसोलीला जायचंय."

"पानी देतो. बसा."

दोघं पायरीवर बसून राहिले. शिपाई कुरकुरला, मोबाईल बघितला, पुन्हा कुरकुरला. पाऊण तासानं शकुबाई पिशवी घेऊन वळणावर दिसल्या. मुकादम उठून उभे राहिले.

"तुमचा कागद हाय, वहिनी. त्यात लिवलंय, मागचं चार फूट तीस दिसांत काढायचं. वाचून दावू?"

शकुबाईंनी पिशवी खाली ठेवली. "दावा."

मुकादमांनी सगळा आदेश वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक शब्द न गाळता. शकुबाई उभ्यानं ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी पदरानं तोंड पुसलं. वाचून झाल्यावर शिपायानं पेन पुढं केलं आणि शाईची डबीही उघडली.

शकुबाईंनी पेन घेतलं. पायरीवर बसून, कागद गुडघ्यावर घेऊन, त्या लिहू लागल्या. प्रत्येक अक्षर आधी ओठांत म्हणायच्या आणि मग काढायच्या. शकुबाई हौसेराव निकम. ओळ थोडी चढली, पण काना, मात्रा, वेलांटी काही राहिलं नाही. शिपायानं घड्याळ बघायचं थांबवलं होतं.

सरकारी कागदावर त्यांनी केलेली ती पहिली सही, आणि कागद त्यांचं स्वतःचं घर पाडायचा होता.