उसने डोळे

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं, असं माझी पोरगी गिऱ्हाइकांना सांगते. खुशाल सोडा. फक्त कोणतं निम्मं, ते मी सांगणार नाही.

चाळीस वर्षं मी आमच्या फोटो स्टुडिओत एकच काम मन लावून केलं. मिटलेले डोळे उघडायचे. ग्रुप फोटोत पन्नास माणसं असली की एक तरी ऐन वेळी डोळे मिटणारच, आणि तो हटकून सगळ्यात मोठा साहेब असायचा. त्याला परत कोण बोलावणार? मग मी दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे त्या मापात छापायचो, कापून त्याच्या चेहऱ्यावर चिकटवायचो, कड ब्रशनं बुजवायचो आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचो. लोक मला डोळेवाला म्हणत.

हे दुसरं कुणीतरी म्हणजे माझी बायको. पहिल्यांदा एका हेडमास्तरांसाठी डोळे मिळेनात, तेव्हा ती म्हणाली होती, "माझे घ्या उसने. पण परत द्या हं." उजेड तपासायला मी एकदा तिचा फोटो काढला होता, तेवढाच एक. त्या निगेटिव्हमधून मी डोळ्यांची पट्टी कापली आणि हाताशी असावी म्हणून डबीत ठेवली. तिचे डोळे कुणालाही शोभायचे.

पोरगी आठ महिन्यांची असताना ती गेली. उरलेली निगेटिव्ह कुठे गेली, मला आठवत नाही. पट्टी वापरून वापरून काचेसारखी कोरी झाली. पोरगी विचारायची, आईचा फोटो कुठाय? मी सांगायचो, छप्पर गळलं, पेटी भिजली. दर खेपेला छपराचं भोक थोडं मोठं व्हायचं.

आता स्टुडिओ पोरगी चालवते. तिनं दुकानातले सगळे जुने फोटो कॉम्प्युटरमध्ये भरले. त्यात एक सोय आहे, तो चेहरे ओळखतो आणि ज्याच्या त्याच्या फोटोंचे वेगवेगळे ढीग लावतो. एका दुपारी ती हसत म्हणाली की हे यंत्र पार बावळट निघालं. एका ढिगात एकशे बारा फोटो, आणि सगळ्यांत माणूस म्हणे एकच. मिशाळ हेडमास्तर, एक पैलवान, तीन नवरदेव आणि कुणाची तरी पणजी.

मी चष्मा पुसायला घेतला. चांगला सावकाश पुसला.

तिनं गंमत म्हणून दोन्ही तळव्यांनी पैलवानाचं कपाळ आणि मिशा झाकल्या. मग पणजीचं कपाळ आणि हनुवटी. मग एका नवरदेवाचं. हसू हळूहळू विरत गेलं. ती उठून मेकअपच्या आरशापुढे गेली आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली.

"बाबा, हे डोळे कुणाचे?"

गळकं छप्पर पार जिभेवर आलं होतं. ते गिळलं.

"तुझ्या आईचे. मीच कापले."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा यायचा, पण कप आपटून.

तिसऱ्या दिवशी तिनं ते एकशे बारा चेहरे पडद्यावर एकावर एक रचले, डोळ्यावर डोळा बसवून. माझ्याकडे न बघताच तिनं समजावलं, की प्रत्येक फोटोतले ओरखडे, धूळ, मिशा वेगळ्या असतात, म्हणून त्या एकमेकांना खोडतात. सगळ्यांत सारखं असतं तेवढंच ठळक होत जातं. संध्याकाळी पडद्यावर नुसतं धुकं उरलं, आणि धुक्यात दोन डोळे. तो एकच फोटो काढला त्या दिवशी माझ्या दिव्याकडे बघत होते, तसेच.

पस्तिसाव्या वर्षी पोरीला आई दिसली, तीही एवढीच. तिनं ते मोठं छापून फ्रेम केलं, खुर्चीमागच्या भिंतीवर लावलं आणि मला म्हणाली, बसा, दोघांचा एक काढते.

नव्या कॅमेऱ्यात आणखी एक आगाऊपणा आहे. कुणी डोळे मिटले की तो टूं करून वाजतो आणि त्या चेहऱ्याभोवती लाल चौकोन काढतो.

पोरीनं बटण दाबलं. टूं.

"मिटू नका ना बाबा."

मी मिटले नव्हते. तिनं पुन्हा दाबलं. टूं. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा तिनं कॅमेऱ्यामागून मान वर केली. चौकोन माझ्याभोवती नव्हता. माझ्या डोक्यावर, फ्रेमभोवती होता.

मी वळून बघितलं. डोळे टक्क उघडे. पुढे वळलो की टूं.

परक्यांच्या तोंडावरून बायकोनं साऱ्या जगाकडे बघितलं होतं. माझ्या शेजारी बसून बघायला तेवढी तयार नव्हती.

"चुकलं माझं," मी भिंतीला म्हणालो. "परत द्यायचे राहून गेले. हवे तर माझे घे." आणि डोळे मिटून बसलो.

बटणाचा आवाज आला. टूं वाजलंच नाही. माझे मिटलेले होते, तरीही.

फोटोत ती उघड्या डोळ्यांची, मी मिटलेल्या. पोरगी बघत राहिली. मग तीन दिवसांत पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "उघडून देऊ का तुमचे?"

मी म्हटलं, नको. असू देत.

सकाळी यंत्रानं त्या ढिगात एकशे तेरा फोटो दाखवले. शेवटचा माझा. डोळे उघडे, आणि माझे नव्हेत. पोरगी शपथेवर सांगते की तिनं हात लावलेला नाही. ती माझ्यासारखी नाही, खोटं बोलत नाही.

तेव्हापासून भिंग घेऊन बसलोय. चिकटवलेल्या डोळ्याला कड असतेच. ब्रशनं कितीही बुजवा, मला दिसते. माझ्या हातची प्रत्येक कड मला आजही दिसते.

ही सापडत नाहीये.