पांढरा पडलेला प्लग

मी एक जुनी मोटारसायकल आहे. टाकी काळी, सीट दोनदा शिवलेली, उजवीकडचा आरसा कधीचाच गेलेला. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर जवळ येऊन हँडल हलवाल, किक मारून बघाल. मारू नका. किक खाली जाणारच नाही. माझ्या इंजिनात पिस्टन घट्ट अडकून बसला आहे. तो अडकणार हे माझ्याशिवाय एकाच माणसाला आधीपासून कळलं होतं, आणि त्या माणसाची वाचा गेलेली होती.

ते आमचे मिस्त्री. मला कारखान्यात जोडलं असेल कुणीतरी, पण वाढवलं मिस्त्रींनी. एका शटरचं गॅरेज त्यांनी तीस वर्षं चालवलं. आठवडाभर लोकांच्या गाड्या उघडून दमलेला माणूस, पण सुट्टीची सकाळ माझी असायची. माझा एअर फिल्टर फोमचा होता आणि तो एका बंद डब्यात बसायचा. मिस्त्री तो काढून रॉकेलमध्ये धुवायचे, पिळायचे, सावलीत वाळवायचे, मग तेलाचा हलका हात फिरवून परत जागच्या जागी बसवायचे. गाडी पेट्रोलवर चालते हे सगळ्यांना कळतं, ती हवेवरसुद्धा चालते हे कुणाच्या लक्षात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची एक सवय होती. माझ्यावर कुठलंही काम केलं की ते मला मोठ्या सरळ रस्त्यावर न्यायचे, भरधाव सोडायचे आणि ऐन वेगात क्लच दाबून इंजिन बंद करायचे. मग कडेला उकिडवे बसून स्पार्क प्लग खोलायचे. मागच्या सीटवर त्यांची लेक असायची. लहानपणी हातात पाना आला की ती सोडायचीच नाही, म्हणून तिचं नाव पडलं पक्कड. मिस्त्री गरम प्लग फडक्यात धरून तिच्या नाकासमोर नाचवायचे आणि म्हणायचे, "रंग सांग."

काळा असला तर पेट्रोल जास्त. पांढरा असला तर हवा जास्त, म्हणजे इंजिन आतून भाजतंय. आणि बिस्किटासारखा तपकिरी असला की सगळं झकास. पक्कड "बिस्किट" म्हणाली की मिस्त्रींचा चेहरा असा खुलायचा, जणू परीक्षा त्यांचीच होती. ते माझे सुखाचे दिवस होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग एका सकाळी शटर उघडता उघडता मिस्त्री खाली बसले ते उठलेच नाहीत. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. राहिला डावा हात आणि राहिले कान. त्यांची खाट खिडकीला लावली, आणि खिडकीखाली मी. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. आता सगळी कामं डाव्या हातानेच करायची, म्हणून त्या मिस्त्रींच्या डाव्या हातात बरणीचं झाकण द्यायच्या आणि फिरवायला सांगायच्या. ज्या हातांनी हजार इंजिनं खोलली त्यांना झाकण फिरवायला लावत होते. मिस्त्री तोंड फिरवून घ्यायचे.

पक्कड आता तिशीची होती. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि ते वेळेत लॅबमध्ये पोचवायचे हे तिचं काम, आणि त्यासाठी मी. रोजचं शेवटचं घर टेकडीवरच्या वसाहतीत होतं. तो चढ चढताना मला धाप लागायची. वयच झालं होतं, त्यात लपवायचं काय?

तिला वाईट वाटायचं. बाबांची गाडी पुन्हा पहिल्यासारखी पळावी, त्यांनी खिडकीतून तो आवाज ऐकावा, एवढीच तिची हौस. म्हणून तिने माझा जुना फोम काढला, त्याचा डबाही काढला आणि लाल रंगाचा, उघडा, चकचकीत नवा फिल्टर बसवून घेतला. दुकानदाराला तिने विचारलं होतं, की आता हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर पुन्हा लावून घ्यावा लागेल का. तो म्हणाला, नुसता फिल्टर तर बदललाय, ट्यूनिंग कशाला. एक स्क्रू त्याने पाव फेरा फिरवला. उभ्या उभ्या मी छान गुरगुरले, आणि पक्कड त्यावरच भुलली.

मित्रांनो, तो स्क्रू फक्त उभ्या गाडीपुरता, पळत्या गाडीला त्याचा उपयोग नाही. जुन्याच डब्यात जुन्याच मापाचा नवा फिल्टर घातला असता तर बहुधा काही बिघडलं नसतं. पण डबाच काढला, म्हणजे हवेला मोकळं रान मिळालं. मग पेट्रोलही त्या मानाने वाढवायला हवं. ते ज्या बारीक भोकातून येतं त्याला जेट म्हणतात, आणि तो मोठा घालायला हवा होता. मिस्त्रींच्या लेकीने त्या दिवशी मला सरळ रस्त्यावर नेलं नाही, प्लग खोलला नाही. लॅबची वेळ होत होती.

लॅबला जाता जाता ती मला खिडकीखाली घेऊन आली आणि रेस दिली. मिस्त्री ऐकत होते. रेस सोडताना माझ्या सायलेन्सरमधून फट फट असा, हवा जास्त झाल्याचा आवाज आला, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी डावा हात उचलला. चिमटीत काहीतरी धरल्यासारखी बोटं केली आणि ती हळूहळू फिरवली. प्लग खोल, असं ते सांगत होते. पुन्हा फिरवली. पुन्हा.

पक्कड हरखली. तिला वाटलं, बाबा आज आपणहून व्यायाम करतायत. धावत आत जाऊन तिने बरणीचं झाकण आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. मिस्त्रींनी ते फेकून दिलं. ती हसली, उचलून आणलं, पुन्हा दिलं.

बावीस दिवस हे चाललं. रोज सकाळी मी सुरू व्हायचे, रोज ती बोटं खिडकीत फिरायची आणि रोज त्यांना ते झाकण मिळायचं. मी आतून भाजत होते. त्यांना कळत होतं, मला कळत होतं, आणि आम्हा दोघांनाही तोंड नव्हतं. माझ्या लोखंडी जन्माचा मला इतका राग कधी आला नव्हता.

तेविसाव्या दिवशी टेकडीच्या चढावर माझा पिस्टन जाम झाला. मागचं चाक जागीच अडकलं आणि पक्कड रस्त्यावर घसरली. गुडघे सोलले, नमुन्यांच्या नळ्या फुटल्या. मला टेम्पोत घालून एका गॅरेजात नेलं. तिथल्या कारागिराने प्लग काढला, एकदा पाहिला आणि तिच्या हातावर ठेवला. खडूसारखा पांढरा. या गाडीचे भाग आता मिळत नाहीत, असं तो म्हणाला.

पक्कड तो प्लग चिमटीत धरून उभी होती. नकळत तिची बोटं फिरली, बाबांची खिडकीत फिरायची तशीच.

मला टेम्पोतून परत घरी आणल्यावर खिडकीशी वाकून तिने तो प्लग मिस्त्रींच्या डाव्या हातात दिला.

"पांढरा आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही रोज हेच सांगत होतात ना?"

मिस्त्रींनी प्लग डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला. मग तो पांघरुणावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मित्रांनो, गाडीत काही नवं बसवलंत तर तिला एकदा पळवून, थांबवून तिचा प्लग बघा. उभ्या गाडीच्या गोड आवाजावर विश्वास ठेवू नका. आणि घरात न बोलता येणारं कुणी असेल, तर त्याच्या हाताकडे बघताना घाई करू नका. याहून जास्त मी काय सांगणार? माझा प्लग सांगत होता तेव्हा कुणी तो खोलला नाही.

मी अजून खिडकीखालीच आहे. लाल फिल्टर नवाकोरा दिसतो. पक्कड आता पायी कामाला जाते. निघण्याआधी ती रोज तो पांढरा प्लग मिस्त्रींच्या हातात ठेवते आणि म्हणते, "फिरवा ना बाबा. आता मला कळतं."

ती बोटं हलत नाहीत.