लाहेचं जेवण

दलपतने शिट्टी फुंकली तशी वासे उचलणारी माणसं जागच्या जागी थबकली. त्याने हातानेच दोन टोळ्या पाडल्या, एक आढ्याला, दुसरी कुडाला. गोवालकाका बिडी ओढायला टेकला होता. त्याच्या रोखाने दलपतने पुन्हा शिट्टी मारली.

"काका, बिडी नंतर. आधी काम."

काकाने बिडी विझवून कानावर खोचली आणि तो उठला.

धडगावच्या अलीकडच्या त्या पाड्यावर घर बांधायचं ते लाहेने. निरोप गेला की पाड्याने यायचं, राबायचं, एकमेकांची थट्टा करायची आणि घरधन्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. मजुरी नाही आणि मुकादमही नाही. दलपत ब्रह्मदेशच्या लढाईवर असताना त्याचं घर पावसात बसलं होतं. तेव्हापासून त्याची बायको रमीबाई दिराच्या ओसरीवर दिवस काढत होती. तो फौजेतला नाईक होऊन परतला, त्याने निरोप दिला, आणि अख्खा पाडा कुऱ्हाडी घेऊन हजर झाला. एवढ्या मायेने आलेल्या माणसांना शिट्टीवर नाचवायचं म्हणजे कमालच म्हणायची. पण तिकडच्या जंगलात शिट्टीला उशीर झाला की माणूस हातचा जात असे. शिट्टी वाजवणं म्हणजे माणसं सांभाळणं, हेच त्याच्या अंगात मुरलं होतं.

काम मात्र झपाट्याने उरकलं. दुपार कलायच्या आत आढं चढलं, कूड उभे राहिले. कोणी गाणं म्हटलं नाही, कोणी कोणाची खोडी काढली नाही. दलपतला ती शिस्त वाटली आणि तो खूश झाला.

रमीबाईने पळसाच्या पानांवर भाकरी मांडल्या, उडदाच्या डाळीचं भांडं उतरवलं. माणसांनी ओढ्यावर हात धुतले, कुऱ्हाडी खांद्यावर टाकल्या आणि ती तशीच पायवाटेला लागली. दलपत गोवालकाकाला आडवा गेला.

"मुकादमाकडे आम्ही जेवत नाही, बाबा," काका म्हणाला.

रमीबाई डाव हातात धरून उभीच राहिली. तिन्हीसांजेला तिने भाकरी गुरांपुढे टाकल्या.

"घर झालं तुझं," एवढंच ती त्याला म्हणाली.

दलपतला फार लागलं. तो दारोदार चूक कबूल करत फिरला. लोकांनी बसायला दिलं, पाणी दिलं, लढाईच्या गोष्टी विचारल्या. राग कोणाच्याच तोंडावर दिसेना, आणि त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटू लागली.

बुध्या त्याचा लहानपणापासूनचा सोबती. त्याची ज्वारी कापणीला आली तेव्हा लाहेचा निरोप दलपतच्या दाराशी आला, तो रमीबाईपुरता. दलपतही विळा घेऊन तिच्या मागोमाग गेला आणि ओळीच्या टोकाला उभा राहिला. दोन कणसं कापली असतील नसतील, बुध्याने हळूच त्याच्या हातातला विळा काढून घेतला. मोहाच्या सावलीत त्याने खाट टाकली, वर गोधडी अंथरली आणि सगळ्यांच्या आधी त्याच्यासाठी भाकरी आणली.

"मलाही राबू दे रे," दलपत म्हणाला.

"तू बस. लई दूरहून आला तू."

ओळीत कोणीतरी गाणं धरलं. रमीबाई मान खाली घालून कापत राहिली. दलपतने भाकरीचा तुकडा मोडला आणि पाहुण्यासारखा जेवू लागला.