मास्तरांची रविवारची छाटणी

टेलरमास्तरांनी दुकान कायमचं बंद केलं, पण हातातली कात्री काही सुटली नाही. बायकोचे गुडघे गेल्यापासून तिचं सगळं जग स्वयंपाकघराच्या खिडकीत आलं होतं, म्हणून त्यांनी खिडकीखाली एक झुडूप लावलं. नर्सरीवाला म्हणाला होता, "बाराही महिने हिरवंगार. वसंतात पांढरी फुलं, थंडीत लालचुटूक फळं." त्या फळांवर बायकोचा जीव जडला, कारण थंडीत तिला उंबरठाही ओलांडवत नसे.

तीन हिवाळे गेले. झुडूप गोल, गुळगुळीत, हिरवंगार. फळ मात्र औषधालाही नाही.

मास्तर तणतणत नर्सरीत गेले. "फसवलंत राव! झुडूप म्हणून कोबीचा गड्डा दिलात मला."

"छाटता का?"

"म्हणजे काय! दर रविवारी, टेप लावून." मास्तरांची छाती फुगली. "वसंतात शेंड्यांना बारीक धागे सुटतात, तेही साफ करतो. लोंबता धागा ठेवून मी कधी कपडा दिला नाही कुणाला."

नर्सरीवाल्याने कपाळावर हात मारला. "मास्तर, त्या कळ्या हो! फळं तिथंच धरतात."

मास्तर खाली मान घालून घरी आले. कात्री कपाटात कोंबली आणि बायकोला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. मग वर्षभर रविवार खायला उठायचा. झुडूप सगळीकडून वेडंवाकडं सुटलं. पोस्टमनने तर एकदा विचारलंच, "मास्तर, तब्येत बरी आहे ना?" मास्तरांनी दात-ओठ खाल्ले, पण कात्रीला शिवले नाहीत.

थंडी पडली आणि झुडूप फळांनी लाललाल झालं. बायको खिडकीपासून हलेना. मास्तरांना राहवेना.

"तीन वर्षं मीच कळ्या कापत होतो गं."

"माहीत आहे. रोज इथंच तर बसते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, दुकान बंद झाल्यावर तुम्ही दिवसभर भिंतीकडे बघत बसायचात. रविवार उजाडला की शीळ घालत कात्रीला धार लावायचात. त्या शिळेपुढे फळांचं काय एवढं!"

मास्तर उगाच खिडकीची काच पुसू लागले.

"काच पुरे," ती म्हणाली. "ती मधली फांदी आड येतेय, तेवढी काढा. एकच हं!"

मास्तर टेप शोधायला आत पळाले. थोड्या वेळाने कपाटापाशी शीळ ऐकू आली.