हात उठला नाही

"ताई, हात उठला का?" धाकटीनं फोनवर विचारलं.

पलीकडे ताई हसली. "काय गं भलतंच विचारतेस! एवढ्या संसारात त्यांचा हात कधी उठला नाही माझ्यावर. आणि आता तर माणूसच राहिला नाही."

धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला. क्षयाच्या दवाखान्यात इतकी वर्षं नर्स म्हणून काढली की माणसाची भाषा बिघडते ती अशी. तिथे हातावर कातडीखाली बारीक सुईनं क्षयाच्या जंतूचा निर्जीव अर्क टोचतात आणि दोन दिवसांनी ती जागा टणक होऊन फुगली, की 'हात उठला' म्हणतात. सगळ्या जगाला हे कळतं असं तिथल्या लोकांना वाटतं.

"अगं, भावोजींचा नाही, तुझा हात! परवा सुई टोचली होती ना मी?"

"असं होय! काही नाही गं. डास चावल्याएवढंसुद्धा नाही."

"तरी ये. बोट फिरवून पाहिल्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवत नाही."

ताईच्या सासूबाईंना फुप्फुसाचा क्षय निघाला होता, म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी चालली होती. ताईच्या मुलाचा हात चांगला उठला होता, सुनेचाही. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. जंतू अंगात शिरले आहेत आणि शरीरानं त्यांना ओळखलंय, एवढाच त्याचा अर्थ. धाकटी पेशंटना समजावायची, "आपल्या रक्तात टी पेशी असतात. त्या जंतूला घेराव घालून बसतात, तो मरेपर्यंत नाहीतर आपण मरेपर्यंत. म्हणून तर जगातला दर चौथा माणूस जंतू घेऊन फिरतो आणि खुशाल जेवतो-खातो."

ताई आली, बाकावर बसली आणि हात पुढे केला. दवाखान्यात धाकटी सगळ्यांची सिस्टर. सख्ख्या सिस्टरला मात्र ती अजून शेंबडी पोरच वाटायची.

"नीट बघ हं. नाहीतर घाईघाईत काहीतरी सांगशील."

धाकटीनं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. कातडी सपाट होती.

"बघ! घरात सगळ्यात धडधाकट मीच निघाले," ताई म्हणाली.

धाकटीलाही क्षणभर बरंच वाटलं. बहीण होती ना. मग तिचं लक्ष ताईच्या घड्याळाकडे गेलं. पट्ट्याला सुईनं नवं भोक पाडलं होतं, तरी घड्याळ मनगटावर गरागरा फिरत होतं. ही बाई सासूच्या खोलीत झोपत होती, तिच्या थुंकीची भांडी धूत होती. सुनेचा हात उठतो आणि हिचा नाही? धाकटीनं ताईला तशीच उठवून डॉक्टरांकडे नेलं.

छातीच्या डॉक्टरांनी ताईला बाहेर बसवून धाकटीला आत घेतलं. ते मोठ्या आवाजाचे गृहस्थ, पण त्या दिवशी हळू बोलले.

"सुई म्हणजे आपण पेशींना विचारलेला प्रश्न असतो, सिस्टर. या जंतूला ओळखता का? ओळखत असतील तर त्या धावत येतात आणि जागा फुगते. इथे कुणी आलंच नाही. एक तर जंतू भेटलाच नाही…"

"नाहीतर यायला कुणी उरलं नाही," धाकटी म्हणाली.

"रक्त तपासू या."

रक्तात एचआयव्ही निघाला. वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेला. अशा विषाणूशी लढता लढता टी पेशी मरत जातात, आणि ज्या उरतात त्या दमून जातात. शत्रू समोर दिसतो, ओळखूही येतो, पण वार करायला जोर नसतो. ताईच्या पेशींनी क्षयाच्या जंतूभोवती घातलेला घेराव केव्हाच मोडला होता. जंतू गाठींमधून यकृतापर्यंत पोचले होते. रोज संध्याकाळी येणाऱ्या तापाला ताई आपली दगदग म्हणत राहिली होती.

धाकटीनं हे तिला वॉर्डाच्या जिन्यात सांगितलं, कारण दुसरीकडे कुठे एकांत नव्हता. ताई कठड्याला धरून ऐकत होती. तिच्या आयुष्यात एकच पुरुष होता.

"दोन वर्षांपूर्वी भावोजी आजारी पडून गेले, न्यूमोनिया म्हणाले होते ना, तेव्हाच कुणीतरी तपासायला हवं होतं," धाकटीचा आवाज चढला. "आणि त्यांनी तरी! देवमाणूस म्हणे! कुठे शेण खाल्लं होतं कुणास ठाऊक…"

"गप्प बस."

"का गप्प बसू? तुझा जीव जायची वेळ आणलीय त्यांनी!"

"त्यांना माहीत नसणार. माहीत असतं तर माझ्यापासून लपलं नसतं. झोपेत बडबडायचे ते." ताईला हसू आलं आणि त्यातच ती खाली पायरीवर बसली. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "हे बघ, घरी टीबी एवढंच सांगायचं. सासूबाई लेकाचा फोटो उशाशी घेऊन झोपतात. म्हातारीकडे दुसरं काय आहे? शब्द दे मला."

"आधी गोळ्या घेईन म्हण. दोन्ही रोगांच्या. एकही न चुकवता."

"तू शब्द दे, मी घेते."

असा तो सौदा झाला. धाकटीला तो मुळीच पटला नव्हता. पण बहिणीनं गोळ्या घ्याव्यात म्हणून तिनं काहीही कबूल केलं असतं.

ताईनं गोळ्या खरंच चुकवल्या नाहीत. ओकायची, तोंड धुवायची, पुन्हा घ्यायची. विषाणू दबला की दमलेल्या पेशी सावरतात, नव्या तयार होतात, हे धाकटीनं कितीतरी पेशंटच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं. खुर्चीवरून आणलेली माणसं चालत घरी गेलेली तिला आठवत होती, आणि त्याच भरवशावर ती रोज ताईला रागावत होती. पण त्याला वेळ लागतो. क्षयानं तेवढा वेळ दिला नाही. एका सकाळी ताईनं पाणी मागितलं, आणि धाकटी पेला भरून वळली तोवर सगळं संपलं होतं.

सासूबाई मात्र बऱ्या झाल्या. त्यांच्या म्हाताऱ्या पेशींनी, गोळ्यांच्या मदतीनं का होईना, शेवटपर्यंत हत्यार टाकलं नाही. उपचार संपल्याचं सांगायला धाकटी स्वतः घरी गेली. दुपारची वेळ होती, ताईचा मुलगा आणि सून कामाला गेले होते. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या.

"मावशी, सुटलात तुम्ही. थुंकीत आता एक जंतू नाही."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

"एक विचारू, पोरी? खरं सांग. तिला माझाच लागला ना?"

धाकटीनं हातातल्या रिपोर्टची घडी घातली.

"माझं करता करता गेली ती. घास भरवायची मला, मी तोंडावर खोकायचे. मी ऐंशीच्या घरातली बसलेय इथे, आणि ती…"

"तसं नाही मावशी. तिच्या अंगात ताकदच राहिली नव्हती."

"कशी राहील? सगळी माझ्यापायी गेली."

सासूबाई मुलाच्या फोटोकडे वळल्या आणि त्याची माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटल्या. धाकटीच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. तेवढ्या एका वाक्यानं या म्हातारीच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं असतं, आणि तिच्या मनातला मुलगा कायमचा गेला असता. तिनं ते वाक्य गिळलं. आयुष्यात तिला ताईचा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी आठवणही.

तिनं आपली खुर्ची सासूबाईंच्या जवळ ओढली आणि त्यांचा हात धरायला गेली.

"लांब बस गं," म्हातारी तोंडावर रुमाल धरून म्हणाली आणि आपली खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकवत गेली.