पेंडुरकरांचं लॉन

"अहो, चपला!"

गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस जागच्या जागी थबकला. त्याचा एक पाय फरशीवर होता आणि दुसरा गवतावर. काशीनाथ पेंडुरकर गवत कापायच्या मशीनचा दांडा धरून त्या दुसऱ्या पायाकडे बघत होते. माणसाच्या खांद्यावर केवढा बोजा आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"काढू का चपला?" माणसानं विचारलं.

"काढूनही नको. फरशीवरून जा."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीलिमाबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, निदान आज शुक्रवारी तरी भांडू नका. परवा पाहुणे यायचेत."

"म्हणून तर कापतोय. आज कापलं की परवापर्यंत रंग भरतो. कापल्याच्या दिवशी टोकं पांढुरकी दिसतात."

पूनम सागर सोसायटीत तळमजल्याची जागा घेतली तेव्हा गिरगावातल्या चाळीतल्या झाडून सगळ्यांनी काशीनाथांना वेड्यात काढलं होतं. डास, उंदीर, वर पावसाळ्यात उंबऱ्याशी पाणी. पण जागेच्या मागं, फरशीच्या पलीकडे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत एक खोलीभर मोकळी जमीन होती, आणि बिल्डरनं ती तळमजल्याला दिली होती. आयुष्यभर विमा कंपनीच्या आवक-जावक विभागात बसलेल्या माणसाला ती खोलीभर जमीन म्हणजे जहागीर वाटली. जमीन कसली, मिठागराकाठचा चिखल आणि त्यावर बिल्डरनं टाकलेला राडारोडा. त्यात पहिल्या वर्षी लावलेलं सगळं जळून गेलं. मग त्यांनी हातभर माती उपसून लाल माती भरली, हरळीचे तुकडे ओळीनं टोचले, आणि ज्या वस्तीत प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघावी लागते तिथं तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घमेल्यात साठवून गवताला घालायला सुरुवात केली. बिल्डिंगमधले लोक हसले. हसणाऱ्यांचे दात दिसतात, गवत आपलं वाढत राहिलं.

सहा वर्षांत त्याचं खरंखुरं लॉन झालं. काशीनाथांचे काही नेम ठरून गेले होते. गवत कापणं म्हणजे हजामत नव्हे, उंचीतली तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायची नाही, नाहीतर मुळांना ऊन लागून पिवळं पडतं. दव असताना मशीन काढायचं नाही. गेल्या रविवारी उभं चालवलं असेल तर या रविवारी आडवं. लव्हाळा दिसला की बोटानं उकरून गड्ड्यासकट काढायचा. आणि शेवटचा, सगळ्यांत कडक नेम असा की लॉनवर कुणी पाय ठेवायचा नाही. पोरांचा चेंडू आत पडला तर ते स्वतः अनवाणी जाऊन आणून देत. घरच्यांनाही सवलत नव्हती. लॉन बघण्यासाठी असतं, असं ते म्हणत. माणूस एरवी गरीब गाय, पण या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पाहुणे यायचे होते ते रसिकाच्या साखरपुड्याला. रसिका ही त्यांची एकुलती एक मुलगी. अंधेरीला बँकेत लागली आणि तिथंच परागशी तिचं जमलं. पराग निफाडकडचा, वडील नव्हते, काका राघोअण्णांनी वाढवलेला. द्राक्षबागा, मोठं खटलं. अण्णांच्या मनात गावाकडची सोयरीक होती, पुतण्याच्या हट्टापुढं त्यांनी कशीबशी मान तुकवली होती. ती मान कधीही पुन्हा वर येईल, या धास्तीनं रसिकाची झोप उडाली होती.

तारीख ठरवायला अण्णांचा फोन आला तेव्हा काशीनाथ खुशीत होते.

"पाव्हणं, साखरपुड्याला हॉल बघितला का?"

"हॉल कशाला? आपलं स्वतःचं लॉन आहे की. तिथंच करू."

"सोताचं?"

"अगदी स्वतःचं. सहा वर्षं झाली."

"आन देखरेख कोन करतं?"

"मीच. रविवार सगळा त्यातच जातो."

"रविवारी मोकळं नसतंच म्हना की." अण्णांचा आवाज एकदम मऊ झाला. "मग तर प्रश्नच मिटला."

नाशिककडे तेव्हा नव्यानंच लग्नाची लॉन निघाली होती. चार-पाच बिघ्यांत गवत, कारंजं, हजार पान उठेल एवढी जागा. पेंडुरकर मंडळी साधी दिसतात पण आतून गबर आहेत, असं अण्णांनी गावभर सांगितलं. काशीनाथांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पंधरा-वीस माणसं येतील, घरात आणि फरशीवर बसतील, असा त्यांचा हिशेब. लॉनवर म्हणजे लॉनच्या कडेला, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

रविवारी दुपारी गेटाशी एक लक्झरी बस आणि दोन जीपगाड्या थांबल्या. फेटे, नऊवाऱ्या, लेकुरवाळ्या, म्हातारेकोतारे असा सगळा भावकीचा लोंढा उतरला. नीलिमाबाईंनी खिडकीतून पाहिलं. "अहो, ही माणसं आहेत की जत्रा?"

राघोअण्णा घरात आले, पाणी प्यायले, मागच्या दारातून फरशीवर गेले. भिंतीपर्यंत नजर फिरवली.

"लॉन कुठंय?"

"हे काय," काशीनाथ कौतुकानं म्हणाले. "परवाच कापलंय."

अण्णांनी खाली वाकून एक काडी उपटली, दातात धरली. "आवो, ही तर हराळी! आमच्या बागंत हिला खुरपायला बाया लावतो आमी." मागच्या मंडळींत कुणीतरी फिस्सकन हसलं. अण्णा मात्र हसले नाहीत. "पाव्हणं, मी लॉन इचारतोय. तुमी सांगितलेलं. कार्याचं."

काशीनाथांना उलगडा झाला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. दारात साडी नेसून उभ्या रसिकालाही उलगडा झाला. तिनं परागकडं पाहिलं. पराग काकांकडं बघत होता, आणि काका बसकडं.

"गावभर सांगून बसलोय मी," अण्णा म्हणाले. "सोयरे काय म्हनतील? सुरवातच फसवनुकीनं?"

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्रभाई धावत आले. भला माणूस. त्यांनी काशीनाथांना बाजूला घेतलं. "अंकल, टेन्शन नको. ऊपर टेरेस खाली है. मैं चटई डलवाता हूं. सौ आदमी आरामसे बैठेगा. आपका घास भी बचेगा."

खरं तर हाच शहाणपणाचा मार्ग होता. काशीनाथांनी एकदा लॉनकडे पाहिलं. हिवाळ्याच्या उन्हात ते ताटलीसारखं एकसारखं दिसत होतं. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती. तिनं या घरात कधी काही मागितलंच नव्हतं, आणि ते आत्ता या घटकेला त्यांच्या लक्षात आलं.

"टेरेस नको," ते म्हणाले, आणि अण्णांसमोर जाऊन उभे राहिले. "अण्णासाहेब, फसवलं नाही. चूक झाली. तुम्ही ज्याला लॉन म्हणता ते मी पाहिलेलंही नाही. मी ज्याला म्हणतो ते हे. लॉनवर साखरपुडा करीन असा शब्द दिलाय, तर इथंच होईल. आत या. सगळे या. गवतावर बसा."

"येवढी मानसं? पार चिपाड होईल त्याचं."

"होऊ दे."

अण्णा तरीही हलले नाहीत. हलल्या त्या परागच्या आई शांताबाई. साठीची बाई, डोईवर पदर. त्यांनी फरशीवर चपला काढायला घेतल्या.

"राहू द्या, ताई. चपलांसकट या," काशीनाथ म्हणाले. खिडकीत नीलिमाबाईंचा हात तोंडावर गेला.

शांताबाईंनी तरी चपला काढल्याच. गवताच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसल्या आणि दिराकडं न बघता म्हणाल्या, "अण्णा, या खाली. हराळी आसली तरी गनपतीला हीच वाहतो ना आपन? साखरपुड्याला चांगलीच म्हनायची."

मग बायका बसल्या, त्यांच्यामागून पोरं, आणि सगळ्यांत शेवटी, फेटा सावरत, अण्णा. कोपऱ्यात सतरंजी टाकली, वर पाट मांडला. जागा इतकी कमी पडली की रसिकाची ओटी भरणाऱ्या बायकांना एकमेकींच्या मांडीवर रेलावं लागलं. पेढे सांडले. चहाचा बंब आचाऱ्यानं कुणाला न विचारता थेट गवतावर ठेवला. काशीनाथांनी ते पाहिलं आणि त्याला म्हणाले, "पाहुण्यांना दुसऱ्यांदा विचार." परागनं अंगठी घातली तेव्हा रसिका हसत होती. जाताना अण्णांनी काशीनाथांना मिठी मारली आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "लग्न आमच्याकडं. लॉनवर. खऱ्या."

संध्याकाळी बस गेली. नीलिमाबाई आत भांडी मोजत होत्या. गवत जागोजागी मातीत रुतलं होतं. बंबाखालचा गोल उकडून काळा पडला होता. काशीनाथ फरशीच्या काठावर बसून नुसते बघत होते. त्यांना दुःख झालं होतं, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटत होती.

रसिकानं सतरंजी उचलली, झटकली. तिच्या चपला फरशीवर होत्या. सतरंजी खांद्यावर टाकून ती तशीच अनवाणी गवतावरून भिंतीपर्यंत गेली, परत आली, आणि मध्येच उभी राहिली.

"मऊ आहे हो, बाबा."

"आज काहीच नाही," काशीनाथ म्हणाले. "एरवी याहून मऊ असतं."

म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं की आजच्या आधी तिनं त्यावर कधी पाय ठेवलाच नव्हता.