मामाजींचा उकंडा

आमच्याकडे शेण कुणी वाया घालवत नाही. शेण, चुलीतली राख, गोठ्यातला झाडलोटीचा कचरा, सगळं घरामागच्या उकंड्यावर जातं आणि वर्षभर कुजून त्याचं खत होतं. ज्याचा उकंडा मोठा त्याचं घर मोठं, असा हिशेब होता. हा हिशेब मोडायचं काम माझ्या नशिबी आलं, कारण मी गावची सरपंच. हिवरा आश्रमापासून जवळच आमचं गाव. जागा बाईसाठी राखीव निघाली, म्हणून माझ्या नवऱ्यानं, ज्ञानेश्वरनं, मला उभं केलं. निवडून आल्यावर कारभार आपणच बघायचा असा त्याचा समज होता. तो मी पहिल्याच महिन्यात दूर केला.

तर वरून आदेश आला की वस्तीतले सगळे उकंडे पावसाळ्याच्या आत उचलायचे आणि खत शेतात पसरायचं. पण पसरायचं म्हणजे आपल्या मनानं नाही. आधी खताचा नमुना बुलढाण्याला तपासायला पाठवायचा. वावर विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब पाहिजे. थर पातळ आणि सगळीकडे सारखा पाहिजे, कुठे ढीग राहता कामा नये, आणि त्याच दिवशी वखर फिरवून खत मातीत मिसळायचं. नमुना नापास झाला तर ते खत शेतात जाणार नाही, तालुक्याच्या कचरा डेपोवर जाईल. माझं लग्न ठरवताना माझ्या बापानं याच्या निम्मी चौकशी केली असती, तर मी आज कुठल्या कुठे असते.

नियम समजावायला धम्मदीप यायचा. तो आमचा कृषी सहायक, लोणारचा, गोड बोलून एकही नियम न सोडणारा. गाव कुरकुरलं, पण ऐकायला लागलं. अडलं फक्त एका घरी. सरपंचाच्या.

कारण आमचा उकंडा माझ्या सासऱ्यांचा, कडूबामामाजींचा होता. होता म्हणजे कसा, तर मामाजी स्वतःला त्या उकंड्याचे समजत. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. मग हे जन्मले तेव्हा सुइणीनं त्यांना नेऊन उकंड्यावर ठेवलं, आणि त्यांच्या आईनं सूपभर ज्वारी देऊन कुणाचं तरी टाकलेलं पोर उचलावं तसं त्यांना विकत घेतलं. नाव ठेवलं कडूबा. यमाची नजर पडू नये, पडली तरी त्याला किळस यावी, म्हणून हा सगळा खटाटोप. तो लागू पडला आणि मामाजी सत्तरी ओलांडून गेले. पण आई मरताना सांगून गेली होती, "तू उकंड्याचा हायेस, आमच्या घरी उसना आला. उकंडा हाये तवरक तू हायेस."

हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की डोळ्याच्या ऑपरेशनला बुलढाण्याला गेले, तेव्हा तंबाखूच्या डबीत उकंड्याचं चिमूटभर खत घेऊन गेले. नर्सनं डबी उघडली आणि मग त्यांना दोनदा आंघोळ घातली.

"तुले सरपंचकी करायची हाये ना? कर," ते मला म्हणाले. "उकंडा उचल. मंग मलेही उचला. एकाच ट्रॉलीत होईन काम."

मला राग आला, पण ते थट्टा करत नव्हते. खरोखर मरणाच्या तयारीनं बोलत होते. आणि शेजारचे शेषराव, ज्यांच्या उकंड्याची पाळी अजून यायची होती, रोज चावडीवर विचारत होते, "सरपंचबाई, कायदा फक्त आमच्यासाठी हाये काय?"

शेवटी धम्मदीपनं मध्ये पडून मामाजींना समजावलं, "काका, आधी फक्त नमुना देऊ. उचलायचं मग पाहू." त्यांच्या हाती स्वच्छ पिशवी दिली आणि चार ठिकाणचं थोडं थोडं काढून आणायला सांगितलं. मामाजी निमूटपणे घरामागे गेले आणि पिशवी भरून घेऊन आले. इतक्या निमूटपणे, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

नमुना सपशेल नापास झाला. धम्मदीप अंगणात उभा राहून चेहरा पाडून सांगू लागला, "ताई, यात सेलचे तुकडे आहेत, बांगड्यांच्या काचा आहेत आणि केस तर किती! खत म्हणावं की गंगावन, असं झालंय."

केस म्हटल्याबरोबर आम्ही सगळ्यांनी मामाजींच्या डोक्याकडे पाहिलं. त्यावर गेल्या वीस वर्षांत एक केस उगवला नव्हता. ज्ञानेश्वरही त्याच वाटेवर होता. गावात केसांचा एवढा साठा एकाच घरी होता, शेषरावांच्या. त्यांच्या पुतण्याचं कटिंगचं दुकान होतं आणि दुकानाचा सगळा केर त्यांच्या उकंड्यावर जायचा.

"मामाजी," मी म्हणाले, "तुमी कोनाच्या उकंड्याचं आनलं?"

मामाजी आभाळाकडे पाहू लागले.

"आता हा उकंडा शेतात नाही जाणार, काका," धम्मदीप म्हणाला. "उद्या गाडी येईल आणि डेपोवर घेऊन जाईल. तिथं शहराचा कचरा, प्लॅस्टिक, मेलेली कुत्री, सगळं असतं."

मामाजींचा चेहरा पांढरा पडला. "मेलेल्या कुत्र्यात? मले?" ते ताडकन उठले. "शेषरावचं हाये ते! मी शेषरावचं देलं!"

"काऊन पन?" ज्ञानेश्वर ओरडला.

"मंग काय माह्या उकंड्याचा तुकडा बुलढान्याले धाडू? तिथं त्याले भट्टीत जाळून पाह्यते म्हने. इकडे मले ताप नसता भरला काय?"

शेषरावांनी कुंपणापलीकडून हे सगळं ऐकलं. त्यानंतर चावडीवर त्यांनी कायद्याचं नाव काढलं नाही.

आता मामाजींपुढे दोनच वाटा होत्या. डेपो, नाहीतर स्वतःचं वावर. "जायाचंच हाये तं आपल्या मातीत जाऊ," ते म्हणाले आणि खरा नमुना त्यांनी स्वतःच्या हातानं भरून दिला. तो तपासायला गेला त्या दिवशी भर मे महिन्यात ते घोंगडी पांघरून पडून होते. नमुना पहिल्या दर्जात पास झाल्याचा धम्मदीपचा फोन आला, तेव्हा घोंगडीतून आवाज आला, "गावात पयला का?"

पसरायच्या दिवशी मामाजींनी सकाळीच आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि ज्ञानेश्वरला जाता जाता शेवटच्या म्हणून चार शिव्या दिल्या. मग ट्रॉलीत, खताच्या अगदी वर जाऊन बसले. "चला," म्हणाले. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून डोळ्यांना पदर लावू लागल्या. मला वाटलं, फाट्यावर मारावी ही सरपंचकी. मी धम्मदीपला बाजूला घेऊन म्हणाले, "एक टोपलंभर ठेवू दे रे घरामागे. कोनाले दिसते?"

"ताई, परवा कलाबाईचा उकंडा उचलला, तेव्हा तुम्हीच तिला एक टोपलं ठेवू दिलं नाही ना?" तो हळूच म्हणाला. खरं होतं. मी ट्रॉलीमागे रडत रडत चालत गेले.

विहिरीपासून लांबचं वावर तेवढं एकच होतं, तीन एकरांचं. माणसांनी खत उतरवलं आणि फावड्यानं पसरायला घेतलं. मामाजी बाभळीखाली डोळे मिटून, हात जोडून बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. ढीग संपत आला होता आणि ते चांगले घामाघूम होऊन जिवंत होते.

"बापू," त्यांनी धम्मदीपला हाक मारली, "आता माहा उकंडा कुठं हाये?"

"सगळ्या वावरात, काका. तीन एकरात सारखा."

मामाजी विचारात पडले. वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत त्यांनी नजर फिरवली.

"म्हंजे त्याले तीन एकर धुंडाळा लागन?"

"कोणाला?"

"यमाले, बे!"

आणि मग जे झालं ते धम्मदीप अजून सांगत फिरतो. मामाजी धोतर खोचून वावरात घुसले. "अबे, थे ढेकूळ फोड! तिकडे जाड थर झाला, वढ इकडे! एक ढीग राह्यला तं तो बरोबर तिथंच येऊन बसन!" माणसं दमली. धम्मदीप म्हणाला, काका, झालं, नियमात बसतंय. "तुह्या नियमात बसते," मामाजी म्हणाले, "माह्या नाही बसत." वखर फिरेपर्यंत त्यांनी कुणाला पाणी पिऊ दिलं नाही. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दिवाळी आली. आमच्याकडे पहिला दिवा उकंड्यावर ठेवतात, मग घरात. मामाजींनी आईमागून ही रीत एकदाही चुकवली नव्हती. यंदा उकंड्याची जागा सपाट होती, म्हणून मी दिवा पदराआड धरून वावराकडे निघाले.

"कुठं चालली?" मामाजी अंगणातून ओरडले.

"वावरात दिवा ठेवाले."

"येडी झाली काय? इतकं पसरून लपोलं, अन तू उजेड करून पत्ता सांगू राह्यली त्याले?"

मी परत फिरले. त्यांनी माझ्या हातातून दिवा घेतला आणि तो घेऊन अंगणात तसेच उभे राहिले. घरामागे पाहिलं, मग घराकडे पाहिलं. मग सावकाश वाकून त्यांनी दिवा आमच्या उंबऱ्यावर ठेवला.

"माय म्हने, मी तिकडचा. इकडे उसना आलो," ते म्हणाले. "आता तिकडे तं काही राह्यलं नाही. मंग मी इकडचाच झालो ना, पुष्पा?"

"इकडचेच हाये तुमी, मामाजी. पयल्यापासून."

"हाव?" त्यांनी दिव्याकडे नीट पाहिलं. "मंग तेल जास्त घाल. लवकर विझाले नको."